पाऊण व्होल्टचं जेवण

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरचा हॉल त्या दिवशी असा भरला होता, की जिन्यात चपलांच्या ढिगावर माणसं उभी होती आणि आत काय चाललंय ते वरचे लोक खालच्यांना ओरडून सांगत होते. खिडक्या लावून घेतलेल्या. छताला पंखे टांगलेले, पण एकही फिरत नव्हता. मला वाटलं, बाबा विजेचं बिल वाचवतोय. तेवढा व्यवहार त्याला कळतो म्हणून जरा कौतुकही वाटलं. पंखे कशासाठी बंद होते ते पुढे येईलच.

समोर टेबलावर मीटर. भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी, लाल काटा, शून्यापासून एक व्होल्टपर्यंत आकडे. मीटरच्या दोन वायरींना दोन दांडे जोडलेले. तांबूस दांड्याला म्हणायचं सूर्यदंड, पांढऱ्याला चंद्रदंड. आणि टेबलामागे काटेबाबा. हे नाव त्याला लोकांनी दिलं होतं आणि त्याने ते आनंदाने घेतलं होतं. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात स्फटिकांची माळ. म्हणजे दवाखान्याकडे जाणारं गिऱ्हाईकही सुटायला नको आणि देवाकडे जाणारंही.

त्याने आधी बँकेतून निवृत्त झालेल्या एका कॅशिअरना बोलावलं. मदतनीस बाईने त्यांचे तळहात कोरड्या फडक्याने पुसले, वर पावडर चोळली. याला म्हणायचं शुद्धी. कॅशिअरनी दोन हातांत दोन दांडे धरले. काटा जागचा हलेना. बाबाने असा चेहरा केला, जणू समोर माणूस नसून त्याचा फोटो ठेवलाय.

"काय खाल्लंत सकाळी?" त्याने विचारलं.

"चहा-ब्रेड."

"बघा," बाबा हॉलकडे वळला. "पोट भरलेलं, माणूस रिकामा. तुम्ही मोबाइलला जेवायला घालता का? नाही. चार्ज करता. मग शरीरच का असं पापी, की त्याच्यात रोज कचरा भरायचा? शरीर ही बॅटरी आहे. एक व्होल्ट म्हणजे अडीच हजार कॅलरी. एका दिवसाचं पूर्ण जेवण. हे मी म्हणत नाही, हा काटा म्हणतो."

मग सगळ्यांनी डोळे मिटून श्वास कोंडायचा आणि सोडायचा. त्या बंद खोलीत अर्धा-पाऊण तास. माणसं घामाने निथळली. शेवटी 'ऊर्जाजल' नावाच्या पाण्यात हात बुडवून कॅशिअरनी पुन्हा दांडे धरले, आणि काटा सरसरत वर गेला. हॉलभर असा उसासा उठला की मलाही क्षणभर पुढे वाकून बघावंसं वाटलं. कॅशिअरच्या डोळ्यांत पाणी आलं. हिशेबात कधी चूक न केलेला माणूस, पण दोन दांड्यांवर विरघळला.

मी असल्या ठिकाणी जाणारी बाई नाही. मला तिथे जावं लागलं ते माझ्या सुनेमुळे.

आमचा मुलाम्याचा कारखाना आहे. नळ, कड्या, बिजागऱ्या यांच्यावर निकेल, जस्त, तांबं चढवून द्यायचं. टाकीत औषधाचं पाणी असतं, त्यात माल टांगायचा, वीज सोडायची, की धातूचा थर चढतो. माझे यजमान गेल्यावर तो मी चालवला, आता मुलगा चालवतो. माझं शिक्षण म्हणाल तर सही करता येते आणि पेपर वाचता येतो. पण निकेल नीट चढलाय की नुसता लाजून बसलाय, ते मी लांबून सांगते.

सुनेला मुलगी झाली. चौथा महिना लागला होता आणि पोर अंग धरत नव्हती. गाल बसलेले, रडणंसुद्धा मांजरीच्या पिल्लासारखं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला वजनकाट्यावर ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि सुनेला विचारलं की तुम्ही दिवसभरात काय खाता. सुनेने मान खाली घातली. तिच्या वतीने विहीणबाई म्हणाल्या, "ती आता अर्ध्या व्होल्टच्या वर गेलीय."

डॉक्टरीणबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मला मात्र बरोबर ऐकू आलं होतं. कित्येक आठवड्यांपासून घरात तेच चालू होतं.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. बाळंतपणाला आल्या त्या राहिल्याच. कोणतंही नवीन खूळ गावात आलं की त्यांच्या घरी आधी मुक्कामाला उतरतं. काटेबाबाकडे त्यांनी 'पाऊण व्होल्ट' ही पदवी मिळवली होती. खरंच, पदवीच. तिथे अर्ध्या व्होल्टला हिरवा बिल्ला, पाऊण व्होल्टला सोनेरी. विहीणबाई तो बिल्ला पदरावर लावून भाजी आणायला जायच्या. मला म्हणायच्या, "विहीणबाई, तुमची अजून सुरुवातच नाही." मी म्हणायचे, माझी सुरुवात सकाळी दोन अंड्यांनी होते, तुमची कशाने होते ते तुमच्या पिशवीतल्या बिस्किटांच्या चुऱ्याला विचारू का? मग त्या रागाने खोलीत जायच्या आणि थोड्या वेळाने आतून पुड्याचा कुरकुर आवाज यायचा.

यातली खरी गोम इथेच होती. त्या हॉलमध्ये जेवण सोडलेले शेकड्याने होते आणि सगळे चोरून जेवत होते. बाबा तर रोज संध्याकाळी बंद गाडीतून कुठे जेवायला जायचा ते अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. माझी सून मात्र लहानपणापासून सरळ. कोणी सांगितलं की नियम आहे, की ती तो पाळणार. बाबा म्हणाला की जड अन्नाने दूध अशुद्ध होतं, व्होल्टवर आलेलं दूध तान्ह्याला अमृत. हिने ऐकलं. सकाळी पेलाभर दूध आणि रात्री केळं, एवढ्यावर ती राहत होती, आणि तेही खाल्ल्याबद्दल तिचं मन तिला खात होतं. लबाडांच्या त्या जत्रेत खरी एकटी ती, आणि उपाशीही एकटी तीच. आणि तिच्यापायी माझी नातही.

मी ओरडून पाहिलं. ताट समोर ठेवून बसून पाहिलं. ती रडायची आणि म्हणायची, "आई, मला भूक लागते म्हणजे माझीच साधना कमी पडते. काटा तर वाढतोय ना?"

मुलगा तिच्या बाजूने. तो बोलला ते ऐकून मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण तो एका मुलीचा बाप झाला होता. म्हणाला, "आई, बाबा खोटं बोलेल, काटा कसा बोलेल? आपला धंदाच काट्यावर चालतो."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तो फसला होता. टाकीवरच्या मीटरकडे बघून आम्ही जन्म काढला. काटा सांगेल तेवढी वीज सोडायची, काटा पडला की काम थांबवायचं. दुसऱ्या कोणाला गुंडाळायला काटेबाबाला अंगारा लागला असता. मुलामावाल्याला गुंडाळायला मीटर पुरलं.

आणि ऐका, पुढचं तर याहून भारी. ते सूर्यदंड आणि चंद्रदंड आमच्याच कारखान्यात तयार होत होते. साध्या लोखंडी नळ्या. एकीवर तांबं, दुसरीवर जस्त. माझा मुलगा सेवा म्हणून फुकट करून द्यायचा, आणि महिन्याने ते दांडे पुन्हा मुलाम्याला यायचे. सूर्यदंड जरा काळवंडलेला, बाकी धड. चंद्रदंड मात्र पकडायच्या जागी खरवडल्यासारखा, पांढरी भुकटी धरलेला. बाबा म्हणायचा, भक्तांचे दोष चंद्रदंड खातो.

रविवारी माझी लेक आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. घरी तिला सगळे मास्तरीणच म्हणतात, कारण जेवतानाही ती खडू धरल्यासारखी बोटं धरते. पोरीला मांडीवर घेतल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. मग तिने भावजयीला जवळ बसवून सगळं विचारलं. रागावली नाही, हसली नाही. हे तिला कसं जमतं मला कळत नाही, माझ्याकडून तर ते आलेलं नाही. सगळं ऐकून ती भावाला म्हणाली, चल, मला दांडे दाखव.

कारखाना बंद होता. टाक्यांवर झाकणं, कोपऱ्यात नळ ठिबकत होता. टेबलावर ते दांडे मुलाम्यासाठी येऊन पडले होते. लेकीने चंद्रदंड उचलला, खाल्लेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हे कोणी खाल्लं?"

"भक्तांच्या दोषांनी," मुलगा म्हणाला. पण जरा हळू म्हणाला.

"आणि तुझ्या टाकीत जस्ताची पट्टी टांगतोस, ती झिजते. तिने कोणाचे दोष खाल्लेले असतात?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे काहीतरी खळकन पडलं. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात की जस्ताचा ओला माल तांब्याच्या आकड्यावर लटकत ठेवू नकोस, जस्त जातं. का जातं ते कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माल खराब होतो एवढं पुरत होतं.

लेकीने मग भावाला विचारलं, की टाकीत काही टांगलं नाही आणि वीज सुरू केली, तर व्होल्टचा काटा काय दाखवतो? तो म्हणाला, दाखवतो की, पाच-सहा व्होल्ट. आणि निकेल किती चढतो? तो म्हणाला, माल नाही तर करंट नाही, करंट नाही तर चढेल काय? मग ती म्हणाली, "म्हणजे नुसत्या व्होल्टवर नळालासुद्धा काही मिळत नाही. आणि तुझी बायको त्याच्यावर मूल पाजतेय."

त्याचं तोंड पडलं. तरी शेवटचं टोक धरून म्हणाला, "पण ताई, साधनेनंतर काटा वाढतो. मी डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंस ना? मग आपण अजून एकदा बघू. या वेळी चंद्रदंडावर जस्त नको, निकेल चढव. दिसायला तसाच पांढरा. शक्ती माणसाची असेल तर दांड्यावर काय चढवलंय याने तिला काय फरक पडतो? काटा वर गेला, तर मी उद्यापासून जेवण सोडते."

मुलगा दांड्याकडे बघत राहिला. मग त्याने टाकीचं झाकण काढलं. तो बोलला नाही हे बरं झालं, बोलला असता तर मी काहीतरी लागट बोलले असते. जस्ताची झाक निळसर, निकेलची किंचित पिवळट. मुलामावाल्याला ओळखू येते, बाबाला कुठली येणार. मी मुलाला सांगून एक नळी जस्ताची पण करून घेतली, आणि ती पिशवीत घातली.

पुढच्या बैठकीला आम्ही सगळे गेलो. सून मधे, तिच्या मांडीवर पोर, एका बाजूला विहीणबाई सोनेरी बिल्ल्यासकट, दुसऱ्या बाजूला मी. चंद्रदंड असा चमकत होता की बाबाने तो हातात घेऊन मुलाच्या सेवेचं चारचौघांत कौतुक केलं. मुलगा जमिनीकडे बघत होता.

त्या दिवशी सुनेला हिरव्यावरून सोनेरी बिल्ला मिळणार होता. श्वास कोंडून झाला, सोडून झाला, लोक घामाघूम झाले. बाबाने तिला पुढे बोलावलं आणि म्हणाला की ही माता बघा, अन्नाच्या गुलामीतून सुटलेली, हिच्या दुधात आता वीज आहे. सुनेने ऊर्जाजलात हात बुडवले आणि दांडे धरले. उभी राहताना तिचा तोल गेला होता, ते बाबाने बघितलं नाही, मी बघितलं.

काटा जरासा शहारला आणि बसला.

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने दांडे आणखी घट्ट आवळले, इतके की बोटं पांढरी झाली. तिला वाटलं, चूक आपली. काल रात्री केळं जरा मोठं होतं.

बाबा मुरलेला होता. त्याने डोळे मिटले, हवेत काहीतरी हुंगल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, की या हॉलमध्ये एक अविश्वासू व्यक्ती बसलीय, तिच्यामुळे प्रवाह तुटतोय. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विहीणबाईंनी तर खुर्चीच सरकवली.

"आहे की," मी म्हटलं. "पण मी मागच्या वेळीही इथेच बसले होते आणि इतकीच अविश्वासू होते. तेव्हा काटा पळाला होता. बाबा, पोरीचं सोडा. तुम्हीच धरा ना दांडे."

नाही म्हणायची सोय नव्हती. मागून कॅशिअरही म्हणाले, हो बाबा, तुम्ही दाखवा. बाबाने कोटाच्या बाह्या सावरल्या, हात पाण्यात बुडवले, दांडे धरले. काटा तिथेच. त्याने हात पुन्हा बुडवले, दांडे चोळले, वायरी हलवल्या, मीटरवर टिचकी मारली. काट्याला त्याची दया आली नाही. मागे कोणीतरी म्हणालं, बाबांना आधी काहीतरी खायला द्या. आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं.

त्या हसण्यात माझी लेक उठून टेबलाशी गेली. मुलाने पिशवीतून जस्ताची नळी काढून तिच्या हातात दिली. तिने चंद्रदंडाची वायर सोडवून या नळीला लावली. आता दांडे धरायला माणूस हवा होता. मी सुनेकडे बघितलं, मग दाराशी बघितलं. तिथे फरशी पुसायची बादली होती आणि बादलीच्या काठावर पोछा. मी जाऊन तो आणला, ऊर्जाजलात बुडवला आणि टेबलावर आपटला. लेकीने एका बाजूने त्यात सूर्यदंड दाबला, दुसऱ्या बाजूने जस्ताची नळी.

काटा कॅशिअरच्या पुढे गेला, विहीणबाईंच्या पुढे गेला, आणि एक व्होल्टच्या जवळ जाऊन थरथरत उभा राहिला.

"घ्या," मी म्हटलं. "याने आयुष्यात एक घास खाल्लेला नाही. सोनेरी बिल्ला कुठे लावू याला?"

बाबा म्हणाला की ही जादूटोण्याची ताकद आहे. ज्याचा सगळा धंदा शक्तीवर, त्याने आमच्या कामाला जादूटोणा म्हणावं. लेक त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली आणि शाळेत बोलते तशी बोलली. तिचं बोलणं मला जेवढं कळलं तेवढं सांगते. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

दोन वेगळे धातू घ्या आणि मधे खारट ओल ठेवा. एक धातू विरघळायला लागतो आणि त्यातून वीज निघते. टॉर्चमधला सेलही याच घराण्यातला. इथे विरघळतं ते जस्त. मधली ओल पोछ्याची आहे, लिंबाची आहे की माणसाच्या तळहाताची, याच्याशी जस्ताला काही देणंघेणं नाही. पावडर चोळली की ओल नाही, मग काटा नाही. पंखे बंद केले, घाम काढला, वर मिठाच्या पाण्यात हात बुडवले, की काटा वर. ऊर्जाजल म्हणजे मिठाचं पाणी, चाखून बघा, असं ती म्हणाली, आणि कॅशिअरनी खरंच बोट बुडवून चाखलं. आज चंद्रदंडावर जस्ताऐवजी निकेल होता. मिठाच्या पाण्यात तो तांब्याइतकाच आळशी, म्हणून काटा मेला. बाबाची शक्ती आमच्या कारखान्यातल्या एका थरात होती. केसाहून बारीक थरात.

मग ती मापावर आली, आणि इथे तिचा आवाज जरा चढला. व्होल्ट हे ऊर्जेचं माप नाहीच. वीज किती जोराने ढकलली जातेय, एवढंच व्होल्ट सांगतो. प्रत्यक्षात किती वाहतेय ते अँपिअर सांगतो. व्होल्टला अँपिअरने गुणायचं, वर जितके सेकंद वाहिली त्याने गुणायचं, तेव्हा ऊर्जा मिळते, आणि तिचं माप ज्यूल. जेवणातली कॅलरी हेही ऊर्जेचंच माप. सव्वाचार ज्यूलच्या आसपास एक छोटी कॅलरी, आणि आहाराच्या तक्त्यात लिहितात ती अशा हजार छोट्या कॅलरींची मोठी. ज्यूलच्या कॅलरी करता येतात. व्होल्टच्या नाही. एक व्होल्ट म्हणजे अडीच हजार कॅलरी असं म्हणणाऱ्याने उद्या एक फूट म्हणजे तीन किलो असंही सांगावं आणि तुम्ही फूटपट्टीने दूध घ्यावं.

"पण ताई," सून बोलली. इतका वेळ ती दांड्यांकडेच बघत होती. "मी इतके दिवस धरले. मला थोडी तरी मिळाली असेल ना?"

लेक तिच्याजवळ आली.

"नाही गं. झिजलं ते जस्त. त्याची जी इवलीशी वीज झाली, तीही तुझ्या अंगातून नुसती गेली, कामाला आली नाही. शरीरात वीज असते, ते खरंय. प्रत्येक पेशीत असते. पण ती शरीर अन्नातून बनवतं. बाहेरून धरून आत भरता येत नाही. आणि समज, आली असती. तरी त्या दांड्यांतून एका उकडलेल्या अंड्याएवढी ऊर्जा मिळवायला तुला ते पाचशे वर्षं धरून बसावं लागलं असतं. रात्रंदिवस."

मग लेकीने हॉलला एकच गोष्ट विचारली. आपल्यापैकी खरोखर जेवण कोणी सोडलंय, हात वर करा.

मीटरच्या काट्यासारखे सगळे जागच्या जागी. कोणी छताकडे बघतंय, कोणी बिल्ल्याशी चाळा करतंय. एकच हात वर गेला. माझ्या सुनेचा. हात वर ठेवून तिने आईकडे बघितलं. विहीणबाई मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी दाबून बसल्या होत्या, आणि पिशवी कुरकुरली.

त्या मायलेकींत जे काय झालं ते नजरेतच झालं, त्याच्यावर मी बोलणार नाही. माझ्या जिभेलाही कुठे थांबायचं ते कळतं. सुनेने हात खाली घेतला, पोरीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "घरी चला. मला भूक लागलीय."

बाबा त्या गडबडीत मागच्या जिन्याने गेला. मीटर घेऊन गेला, पोछा ठेवून गेला. लोकांत थोडी शिवीगाळ झाली, थोडी रडारड. चार-दोन जण अजूनही म्हणत होते की बाबा खरा, दांडे खोटे. अशांचं मी काय करणार. त्यांना पुढचा बाबा मिळेल, त्याच्याकडे बहुतेक थर्मामीटर असेल.

घरी येऊन मी अंडी उकडली. सुनेने पहिलं सोललं, अर्धं खाल्लं आणि थांबली. जुनी सवय. मी म्हटलं, खा, पाचशे वर्षं वाचली. ती हसली, मग रडली, मग उरलेलं खाल्लं आणि दुसरं मागितलं. विहीणबाई दाराशी उभ्या होत्या, पदरावर बिल्ला नव्हता. मी त्यांच्यापुढेही बशी सरकवली. म्हटलं, बसा, आणि खोलीत जाऊन नका खाऊ, इथेच खा, आवाज करत खा.

पोरीला अंग धरायला महिना-दीड महिना गेला. डॉक्टरीणबाईंनी रुळावर आणलं दोघींना, जेवण आणि औषध दोन्ही देऊन. आता तिचं रडणं शेजारच्या इमारतीत ऐकू जातं आणि तिथले लोक तक्रार करतात. करू देत.

निकेलचा तो चंद्रदंड बाबा विसरून गेला. मी त्यावर न्हाणीघराचा पडदा लावलाय. छान चमकतो, पाण्याने खराब होत नाही.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. पूर्वीचे भोंदू राख द्यायचे, आताचे आकडे देतात. आकड्याला भिऊ नका आणि भाळूही नका. कोणी काटा दाखवला की तीन गोष्टी विचारा. हा मोजतो काय? हा हलतो कशाने? आणि काय केलं तर हा हलणार नाही? खऱ्या मीटरवाल्याला या प्रश्नांचा राग येत नाही, तो खुर्ची देऊन सांगायला बसतो. ज्याला राग येतो, ज्याला तुमच्यातला अविश्वासू शोधावा लागतो, त्याच्या दांड्यांवर काय चढवलंय ते आधी खरवडून बघा. त्याला फार शिक्षण लागत नाही. माझ्याकडे तरी कुठे आहे.

आत सून दुसऱ्यांदा वाढून घेतेय. तिला काय हवं नको ते बघते.